‘पण’च्या अलीकडे थांबलेल्या वह्या

सात वह्यांत ‘खांडेर्वकीवाडी’ होती. सगळं तिथून सुरू झालं.

नववीला मी इतिहास शिकवतो. पुस्तकातला पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’. लिखित, भौतिक, मौखिक वगैरे शब्द पोरं पाठ करतात, रिकाम्या जागेत भरतात आणि पुढच्या पाठाला लागतात. त्या वर्षी म्हटलं, पाठ संपल्यावर एखादा खराखुरा प्रश्न देऊन बघू. अंतर्गत मूल्यमापनाला प्रकल्प तसाही लागतोच. प्रश्न मुद्दाम सोपा वाटेल असा घेतला : आपल्या गावाला सोलापूर हे नाव कसं पडलं? दोन पानं, मुदत आठ दिवस.

आमची शाळा मराठी माध्यमाची, पूर्व भागातली. वर्गात मराठी सगळ्यांना येते, पण घरी कुणाकडे तेलुगू, कुणाकडे कन्नड, कुणाकडे दखनी उर्दू. वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आया बऱ्याच घरांत विड्या वळणाऱ्या. मोबाइल घरात एकच, तोही वडिलांबरोबर रात्री आठला घरी येणारा. हे सांगायचं कारण, ‘हल्लीची मुलं इंटरनेटवरच वाढलीत’ हे वाक्य आमच्याकडे अर्धंच लागू पडतं. मुलं इंटरनेटवर जातात ती रात्री साडेआठ ते नऊ, बापाने जांभया देत ‘झालं का रे?’ विचारेपर्यंत.

वह्या आल्या. बहुतेकांचं उत्तर एकच : सोळा गावं मिळून झालं म्हणून सोलापूर. खाली सोळा गावांची यादी. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी असं करत शेवटी वैदकवाडी. आणि मधोमध, सात वह्यांत अगदी त्याच जागी, ती खांडेर्वकीवाडी. मूळ नाव खंडेरावकी वाडी असावं. इंग्रजीतून आणताना कुठेतरी अक्षरं गळली आणि जे उरलं ते सातही जणांनी इमानेइतबारे उतरवून काढलं.

मी लाल पेन काढून ‘कॉपी!’ लिहायला लागलो होतो. ग्रंथपाल बाईंनी थांबवलं. बाई अर्धवेळ आहेत. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आणि दुपारनंतर त्या दुसऱ्या कामावर. त्या म्हणाल्या, “सर, कॉपी केलीय हे आपल्याला कळलंच की. कुणाची केलीय ते पोरांना शोधू द्या.”

म्हणून सातही वह्या ग्रंथालयातल्या लांब टेबलावर उघड्या मांडल्या आणि वर्गाला भोवती उभं केलं. मी एकच गोष्ट सांगितली. पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं. देशभरातल्या हस्तलिखित पोथ्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या गेल्या. असल्या कामात दोन पोथ्यांत सारखीच चूक दिसली, की त्या एकाच मूळ पोथीवरून उतरल्या असाव्यात असं धरतात. बरोबर मजकूर दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने येऊ शकतो. चूक सहसा अशी वेगवेगळ्या वाटेने येत नाही. एवढं बोलून मी गप्प बसलो. (गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, वर्गाला विचारा.)

पहिला शोध मागच्या बाकावरच्या एका पोराने लावला. हा एरवी तासाला खिडकीबाहेर बघणारा. म्हणाला, “सर, यादी एबीसीडीत आहे.”

मी पाहिलं. मराठी अकारविल्हे लावली तर जामदारवाडी फत्तेपूरच्या आधी यायला हवी, आणि वैदकवाडी संदलपूर-शेखपूरच्या आधी. यादीत तसं नाही. ए, ए, सी, एफ, जे, मग तीन के, एम, आर, पाच एस आणि शेवटी व्ही. म्हणजे यादी इंग्रजीत तयार झाली आणि नंतर मराठीत आली. आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आलेली गावांची नावं अशी एबीसीडीत आली नसती. इतकी वर्षं ही यादी मी वाचतोय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरा शोध जास्त बोचरा होता. एका मुलीने बोट ठेवलं तेराव्या नावावर. तिथे लिहिलं होतं ‘सोलापूर’. “सोळा गावांवरून सोलापूर नाव पडलं, तर त्या सोळांत आधीच एक सोलापूर कसं काय ओ सर?” त्याच यादीत सोनलगी, सोनापूर आणि संदलपूर ही नावंही होती. एकाच नावाची चार भावंडं असावीत तशी.

मग ‘ळ’चा वाद निघाला. मराठीत सोळा, मग सोळापूर का नाही? वर्गाला हा मुद्दा फारच आवडला, जवळजवळ निकालच लागला होता. तेवढ्यात घरी दखनी बोलणारा एक मुलगा म्हणाला, “आमच्यात सोलाच म्हणतात.” झालं, निकाल परत गेला. मला हे बरं वाटलं. आपल्याला पटणारा पुरावा कच्चा असू शकतो हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, तो असा समोर मोडावा लागतो.

आता मूळ पान. संगणक कक्षात त्या दिवशी चार संगणक चालू होते, एकेकावर दहा-बारा मुंडकी. जिल्ह्याच्या इतिहासाचा जो मजकूर सरकारी पानांपासून विकिपीडियापर्यंत सगळीकडे फिरतो, तो इंग्रजीतून वाचायला घेतला. धाटणी जुन्या गॅझेटिअरची. पहिल्या वाक्यात सोळा गावं, दुसऱ्यात ती यादी. आणि तिसरं वाक्य ‘पण’ने सुरू होतं.

पण कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळातल्या, सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजेच शिवयोगी सिद्धराम यांच्याशी संबंधित शिलालेखांवरून दिसतं की या गावाचं नाव सोन्नलगे होतं, त्याचं पुढे सोन्नलगी झालं. यादवांच्या काळापर्यंत तेच चाललं. मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या संस्कृत शिलालेखात सोनलीपूर येतं. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, किल्ल्यातल्या विहिरीवरच्या लेखात संदलपूर. सोनलपूरमधला ‘न’ गळून सोलापूर झालं असण्याची शक्यता जास्त. इंग्रजांनी त्याचं शोलापूर केलं. १८८४ चं मुंबई इलाख्याचं गॅझेटिअर त्याच नावाने निघालेलं आहे.

म्हणजे बरोबर वाटणारं उत्तर आणि त्याला छेद देणारं उत्तर एकाच परिच्छेदात, एकाखाली एक होतं. अख्ख्या वर्गाची कॉपी ‘पण’च्या अलीकडे थांबली होती. मी विचारलं, पुढे का वाचलं नाही? एकजण अगदी निरागसपणे म्हणाला, “सर, उत्तर मिळालं होतं की.”

माझ्या मते आजाराचं मूळ या वाक्यात आहे. मुलांना शोधता येत नाही अशी आपली तक्रार असते. शोधता येतं, फार पटकन येतं. शोधाच्या पानावर वरच्या चौकटीत दोन-तीन ओळी दिसतात, त्यांत प्रश्नातला शब्द सापडला की काम संपतं. आणि खाली आणखी दहा ठिकाणी तेच वाक्य दिसलं की खात्री पटते. दहा ठिकाणं म्हणजे दहा साक्षीदार, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो, बाकीचे नऊ त्याचं ऐकून आलेले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि त्यांच्याच विद्यापीठातले २५ विद्यार्थी संगणकापुढे बसवून ते संकेतस्थळं कशी पारखतात ते पाहिलं होतं. विद्यार्थीच काय, इतिहासकारही बरेचदा पानाच्या देखणेपणाला फसले. ते त्याच पानावर वर-खाली करत बसले. तपासनीस मात्र लगेच पान सोडून शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडत : हे चालवतं कोण, दुसरे याबद्दल काय म्हणतात? ही पद्धत आमच्याकडे आणताना अडचण एवढीच, की उघडायला खिडक्या नाहीत. एक मोबाइल, अर्धा तास, संपत आलेला डेटा. म्हणून बाईंनी कागदाची खिडकी काढली.

पाठकोऱ्या कागदाचे चौथे भाग कापून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक साधनाला एक चिठ्ठी. तिच्यावर चार प्रश्न : कोण सांगतंय? कधी सांगितलं? कशावरून सांगतंय? कुणाचं बघून सांगतंय? चौथा प्रश्न बाईंचा, आणि माझ्या मते सगळा जीव त्याच्यातच आहे. परदेशी पुस्तकांत अशा याद्या पुष्कळ असतात. लेखकाची पात्रता, प्रकाशनाची तारीख, हेतू वगैरे. आमच्या पोरांना त्या याद्या म्हणजे आणखी एक रिकाम्या जागा भरायचा स्वाध्याय. ‘कुणाचं बघून’ हा प्रश्न मात्र त्यांना जन्मापासून येतो. परीक्षेच्या हॉलमधला प्रश्न आहे तो.

चिठ्ठ्या भरताना सर्वांत वाईट वेळ माझ्यावर आली.

तिसऱ्या दिवशी एका गटाने चिठ्ठी आणून टेबलावर ठेवली. साधन : शाळेच्या वर्धापन दिनाची स्मरणिका. लेखाचं नाव ‘सोळा गावांचं सोलापूर’. कोण सांगतंय? पुढे माझं नाव. कधी? वर्ष लिहिलेलं. कशावरून? रिकामं. कुणाचं बघून? रिकामं. गटातली मुलगी अत्यंत आदराने म्हणाली, “सर, ह्या दोन जागा तुम्ही भरता का?”

वर्ग गार पडला. मी लेख पाहिला. गुळगुळीत कागद, कडेला वेलबुट्टी, माझा तरुणपणीचा फोटो. लेखात ती यादी होती. एबीसीडीत. खांडेर्वकीवाडी नव्हती, मी तिथे ‘खंडेरायाची वाडी’ असं स्वतःच्या मनाने सुधारून टाकलं होतं. म्हणजे चूक शोधायची जी एक खूण होती तीही मी पुसली होती. कुणाचं बघून लिहिलं? खरंच आठवेना. कदाचित माझ्या गुरुजींकडून ऐकलेलं, कदाचित एखाद्या दिवाळी अंकातलं. शेवटी मी चौथ्या जागेत लिहिलं, ‘आठवत नाही’, आणि खाली सही केली. काही पोरांना हसू आवरेना. हसू दिलं.

त्या दिवसानंतर मुलांनी चिठ्ठीत खोटं भरायचं जवळजवळ बंद केलं. ‘माहीत नाही’ लिहायला लाज वाटेनाशी झाली, कारण सरांच्याच चिठ्ठीवर ते होतं.

कन्नड बोलणाऱ्या घरातल्या एका मुलीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ती वर्गात फारशी बोलत नाही. सोन्नलगी हा शब्द फळ्यावर आला तेव्हा तिने मान वर केली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अज्जी म्हणते, ‘सोन्नलिगेय सिद्धराम’. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वज बघायला सगळा वर्ग जातो, त्यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं सगळ्यांना ठाऊक, पण सिद्धरामांनी कन्नडमध्ये वचनं रचली आणि त्यांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी मुद्रा, म्हणजे रचनाकाराची खूण, येते हे वर्गात तिच्याखेरीज दोघांनाच माहीत होतं. जवळच्या कन्नड शाळेतल्या गुरुजींना विचारल्यावर त्यांनी आणखी एक धागा दिला : राघवांक या जुन्या कन्नड कवीने सिद्धरामांच्या चरित्रावर काव्यच लिहिलं आहे.

मी जवळजवळ टाळ्या वाजवणार होतो, पण एका पोराने चिठ्ठी पुढे केली. अज्जी कशावरून सांगते? यावर अर्धा तास गेला. शेवटी वर्गाचं ठरलं ते असं : अज्जीच्या तोंडच्या शब्दावरून सिद्धरामांचं गाव सोन्नलिगे अशी परंपरा आहे हे दिसतं. त्याचंच सोलापूर झालं का, हे अज्जी सांगत नाही. तिला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. पाठ्यपुस्तकातल्या ‘मौखिक साधने’ या दोन शब्दांना मी पंधरा वर्षांत एवढा अर्थ देऊ शकलो नव्हतो.

कामतीच्या लेखाचा किस्सा थोडक्यात. तिघांनी लिहिलं, ‘इ. स. १२३८ चा शिलालेख, यादवांच्या पाडावानंतरचा’. एकीला हे खटकलं. अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारी १२९६ ची, मग १२३८ ला पाडाव कसला? तेव्हा तर सिंघण यादव जोरात होता. पुन्हा इंग्रजी मजकूर काढला. तिथे होतं ‘शके १२३८’. त्यात ७८ मिळवले की १३१६. उतरवताना ‘शके’ गळलं आणि लेख ७८ वर्षं म्हातारा झाला. पंचांग घराघरांत असतं, त्यावर शक छापलेला असतो, तरी ही बेरीज वर्गात कुणी कधी केली नव्हती.

एका गटातल्या मुलाचा मामा कामतीचा. त्याने मामाला फोन करून शिलालेख कुठे आहे विचारलं. मामा म्हणाले, बघून सांगतो. प्रकल्पाची मुदत संपली तरी त्यांचा फोन आला नाही. पोराने चिठ्ठीवर लिहिलं, ‘विचारले. उत्तर आले नाही.’ त्याला पूर्ण गुण दिले. वीसपैकी पाच गुण उत्तराला आणि पंधरा चिठ्ठ्यांना असं आम्ही मधेच बदललं होतं. आधी जाहीर करायला हवं होतं. दोन हुशार मुलींच्या पालकांनी तक्रार केली आणि ती रास्त होती.

चॅटबॉटला विचारलेला एक गट होताच. चॅटबॉटने सुंदर मराठीत सोळा गावं सांगितली आणि आधार म्हणून एका पुस्तकाचं नाव दिलं, लेखकासकट. बाईंनी शाळेचं दाखल रजिस्टर, म्हणजे पुस्तकांची नोंदवही, पाहिलं, मग मुलांना हिराचंद नेमचंद वाचनालयात पाठवलं. मुलांनी तिथे तासभर घालवला. पुस्तक सापडलं नाही, पुढे कुठेच सापडलं नाही. मुलांना राग आला तो पुस्तक नसल्याचा नाही, आपली सायकल फुकट हाणल्याचा.

वर्गाचा शेवटचा निकाल एकमताचा नव्हता. बहुतेक गट सोन्नलगीकडे झुकले. दोन गट सोळा गावांवरच राहिले, आणि त्यांतल्या एकाने जे लिहिलं ते मला सगळ्यांत नेमकं वाटलं : ‘इथे सोळा गावे असतील. नाव त्यावरून पडले याचा पुरावा आम्हाला मिळाला नाही.’

आता पदरातलं नुकसान. चार तासांचं काम नऊ तासांवर गेलं. भूगोलाच्या बाईंकडून दोन तास उसने घेतले ते अजून फिटलेले नाहीत. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे बोर्डाला येणार का? मी म्हटलं, दहावीला इतिहासलेखनाचे दोन पाठ आहेत. ते म्हणाले, ते पाठ करून भागतं. खरं आहे, भागतं.

एका मुलाचे वडील तावातावाने आले. चादरीच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. “आम्ही लहानपणापासून सोळा गावं ऐकत आलो, तुम्ही पोरांना कसलं उलटं शिकवता?” मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि एकदम चादरीवर घसरले. बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून खपवतात, लेबल हुबेहूब, गिऱ्हाईक लेबलच बघतं. भौगोलिक मानांकन असून काय उपयोग? “मला विचारा, मी चादर पालथी करतो.” मग चहा झाला. सोळा गावांबद्दल त्यांचं मत बदललं असं मला वाटत नाही.

दुसऱ्या सत्रात तीच पद्धत आणखी एका प्रश्नाला लावली : मे १९३० मध्ये, इंग्रजी अंमल मोडून पडला तेव्हा, सोलापूर किती दिवस स्वतंत्र होतं? कुणी तीन म्हणतं, कुणी चार. या वेळी कुणी पहिल्या ओळीवर थांबलं नाही. ८ मेचा गोळीबार, १२ मेला लागलेला मार्शल लॉ, मधले ९, १०, ११. मधलेच दिवस मोजले तर तीन, आठ तारखेच्या संध्याकाळपासून धरलं तर चार. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ ला, यात कुठेही फरक सापडला नाही. एका गटाने ही नोंदही चिठ्ठीवर केली : ‘सगळीकडे सारखे. पण कुणाचं बघून?’ आणि मग दुपारी जाऊन या चौघांच्या पुतळ्यांच्या चौकातल्या पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून आणला.

पाटी कुणाचं बघून केली, हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मला उत्तर आलं नाही. चिठ्ठी बाईंच्या खोक्यात आहे.

यंदाच्या नववीच्या वह्या परवा जमा झाल्या. खांडेर्वकीवाडी पाच ठिकाणी आहे. बाईंनी कोऱ्या चिठ्ठ्या झेरॉक्सला पाठवल्या आहेत, आणि वर माझी जुनी चिठ्ठी जोडली आहे, नमुना म्हणून.